गप्प म्हणजे मंजूर

बुद्धवंदना संपली, मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या आणि केसरबाईंनी नेहमीसारखं कोपऱ्यातल्या सतरंज्यांकडं बोट केलं. म्हणजे आता बसा.

कसं बसायचं हे या घरात ठरलेलं होतं. पुंडलिकनगरातल्या त्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत दोन लांब सतरंज्या समोरासमोर अंथरायच्या आणि एकमेकांकडं तोंड करून बसायचं. सोफा होता, केसरबाईंच्या नातीनं, संध्यानं, पहिल्या नोकरीत हौसेनं घेतलेला, पण पौर्णिमेच्या बैठकीला त्यावर कुणी टेकत नसे. त्या दिवशी सोफ्याचा मान इस्त्रीच्या कपड्यांचा.

हे सगळं केसरबाईंच्या नवऱ्याचं, कडुबाआबांचं. आबांनी जन्मभर वेरूळच्या लेण्यांवर पहारा केला. तिथं लांब दगडी बाकांची एक लेणी आहे, उन्हाळ्यात आबा तीच ड्यूटी मागून घेत, कारण आत गारवा असे. एकदा एक भंतेजी आले आणि त्यांनी आबांना सांगितलं, की भिक्षू असेच समोरासमोर बसून निर्णय घ्यायचे. ज्याचा ठराव त्यानं तो मोठ्यानं तीनदा सांगायचा. ज्याला मान्य असेल त्यानं गप्प राहायचं, मान्य नसेल त्यानं बोलायचं. आबांना ही गोष्ट एवढी आवडली, की ती त्यांनी जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणली, आणि तेव्हापासून या घरात फ्रिजसुद्धा तीनदा विचारल्याशिवाय आला नाही. एकाचाही विरोध असला तर ठराव पुढच्या पौर्णिमेवर जायचा. विरोध करणाऱ्यानं कारण मात्र द्यायचं. बाकी गप्प म्हणजे मंजूर.

आबा गेले, नियम राहिला.

करुणा या कुटुंबात सून म्हणून आली तेव्हा तिला या प्रकाराचं हसू आलं होतं. पुढं ते हसू कुठं गेलं ते तिलाही कळलं नाही. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, आणि मुलगा सम्यक जरा मोठा झाला की मग जाईल, असा ठराव याच दोन सतरंज्यांवर झाला होता. नियमाप्रमाणं तीनदा विचारलं होतं. तेव्हा करुणा आत चुलीपुढं, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती. त्या ठरावाला करुणाचाही होकार होता असं घरात अजून सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या मनात खरंच काही वाईट नसतं.

आजचा ठराव करुणाच्या लेकीचा, संध्याचा होता. तो सगळ्यांना आधीच माहीत होता, म्हणून खिरीच्या वाट्या जरा जास्तच शांतपणे रिकाम्या होत होत्या.

"बोल गं," केसरबाई म्हणाल्या. "किती येळ चमचा चाटशील?"

संध्यानं वाटी खाली ठेवली. पांढऱ्या सलवार-कुर्त्यात ती शाळेच्या प्रभातफेरीला निघाल्यासारखी दिसत होती, पण पाच वर्षं बेंगळुरूच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहीत होती. त्यातली पहिली काही बेंगळुरूत आणि नंतरची सगळी इथंच, गच्चीवरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून.

"मला लडाखला नोकरी मिळाली आहे," ती म्हणाली. "तिथं उंचावर एक मोठी दुर्बीण आहे, आकाशातलं बघायची. ती फिरवायचं, तिच्यावरचा घुमट उघडायचं, सगळं सॉफ्टवेअरवर चालतं. ते लिहायला आणि सांभाळायला तिथंच राहणारं माणूस पाहिजे. दोन वर्षांसाठी. जावं असं माझ्या मनात आहे. उद्या सकाळी मला उत्तर द्यायचंय."

"पगाराचं सांग की," सुरेखा म्हणाली.

सुरेखा म्हणजे रामकिसनची, करुणाच्या नवऱ्याची, धाकटी बहीण, वेरूळजवळच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. घरात बोलली तरी तिचा आवाज मैदानाला पुरेल असा निघायचा. खास बैठकीसाठी ती दुपारीच आली होती आणि आल्याआल्या 'जय भीम' करून, पाणी प्यायच्या आत, संध्याचा पगार विचारून मोकळी झाली होती.

"आत्ताच्या निम्म्यापेक्षा कमी," संध्या म्हणाली.

"अन् थंडी दुप्पट," सम्यक म्हणाला.

"दादा, दुप्पट नाही. कितीतरी पट."

"ते बी घे."

रामकिसन हसला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्याचा जन्म गेला होता आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. निवृत्त होणाऱ्या माणसाला निम्मा हा शब्द ऐकवत नाही. "फोन?" त्यानं विचारलं.

"हिवाळ्यात कधी लागतो, कधी नाही. बर्फ जास्त पडलं की रस्ताही बंद असतो. पण पप्पा, डॉक्टर असतात तिथं, ऑक्सिजन असतो, बाकीची माणसं असतात."

"लोक पगार वाढला म्हणून लांब जातात," सुरेखानं सगळ्या खोलीला उद्देशून सांगितलं, "आमची पोरगी पगार कमी करून लांब चाल्ली. घरात बसून एवढा पैसा मिळायलाय, आईच्या हातचं खायला मिळायलंय, ना भाडं ना बस. अजून काय पाहिजे माणसाला? वहिनी, तुम्ही तरी सांगा."

करुणा वाट्या गोळा करत होती. "मी काय सांगू," ती म्हणाली.

तिला सांगायचं पुष्कळ होतं. संध्या घरी राहायला आल्यापासून रोज दुपारी चारला, अमेरिकेतल्या माणसांची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, गच्चीवरून खाली यायची आणि ओट्यावर चढून बसायची. मग दोघींचा चहा. संध्या कंपनीतल्या गमती सांगायची. कोण साहेब मीटिंगमध्ये घोरला, कुणाचं मांजर कॅमेऱ्यापुढं आलं. करुणाला त्या न पाहिलेल्या माणसांची नावं आतेमामेभावंडांसारखी पाठ झाली होती. रामकिसन शिफ्ट करून यायचा तो दमलेला, सम्यकचा मोबाईल त्याच्याआधी घरात शिरायचा, सासूबाईंना ऐकू यायचं ते त्यांच्या सोयीनं. तिच्याशी बोलायचं म्हणून बोलणारं घरात हे एकच माणूस होतं. त्या एका चहासाठी करुणा सकाळपासून सगळी कामं हातावेगळी करून ठेवायची. ते आता जाणार, या विचारानं गेले आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं. पण असलं काही बैठकीत बोलतात असं तिला वाटत नव्हतं. बैठकीत पगार बोलतात, प्लॉट बोलतात, लग्न बोलतात.

"मला विचाराल तर जाऊ द्या तिला," केसरबाई म्हणाल्या. "तुमचे आबा जन्मभर लेणीच्या दाराशी बसले. म्हणायचे, केसर, डोंगर कोरायचं ज्याच्या मनात पहिल्यांदा आलं, त्याला घरच्यांनी नाय म्हणलं असतं तर?"

"माय, त्यांना निदान पगार पुरा असंल," सुरेखा म्हणाली.

"तू हुतीस का पगार वाटायला?"

संध्याला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "आत्या, मी काय करते माहितीये? लोक मोबाईलवर वस्तू घेतात ना, त्यात शेवटी एक बटण असतं. 'घ्या' म्हणणारं. गेलं वर्षभर आम्ही सात माणसं त्या बटणावर काम करायलोत. ते हिरवं केलं तर लोक जास्त घेतात का केशरी केलं तर. पगार त्याचा मिळतो, आणि चांगला मिळतो, मी नाही म्हणत नाही. पण तिथं मी लिहिलेल्या ओळीनं एवढी मोठी दुर्बीण वळेल. मी अजून समुद्रसुद्धा नीट पाहिला नाही, आत्या. मला एकदा कुठंतरी जायचंय."

"ते तारे बघून पोट भरंल का?"

"भरेल तेवढा पगार आहे."

"अन् वरचा मजला?" सुरेखानं अखेर ते काढलंच.

गच्चीवरच्या खोलीला लागून दोन खोल्या चढवायच्या, म्हणजे सम्यकचं लग्न झालं की त्याला वर राहता येईल, हे ठरून दोन पौर्णिमा झाल्या होत्या. सम्यकसाठी चिकलठाण्याची मुलगी सुरेखानंच आणली होती, नाव अपेक्षा. दिवाळीपर्यंत वरचा मजला झालेला असेल हेही मुलीकडच्यांना सुरेखानंच सांगून टाकलं होतं, आणि तो मजला बहुतेक संध्याच्या पगारावर चढणार होता. सम्यक आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली. "पाणी आलंऽऽ!"

पुंडलिकनगरात त्या हाकेपुढं कुठलाही ठराव टिकत नाही. पाणी पुन्हा किती दिवसांनी येईल याचा नेम नसल्यानं माणसं जेवणाच्या ताटावरून उठतात. बैठक जिथल्या तिथं मोडली. सुरेखानं पदर खोचला आणि सगळ्यांना कामं वाटली. करुणा बादल्या घेऊन मोरीकडं, सुरेखा पिंपाकडं, रामकिसन हौदाच्या मोटरीकडं, आणि संध्या त्याच्यामागं पाईप धरायला. केसरबाई एकट्याच सतरंजीवर राहिल्या आणि उरलेली खीर त्यांनी जवळ ओढून घेतली.

मोरीच्या खिडकीतून करुणाला मागचं अंगण दिसत होतं. मोटर सुरू करून रामकिसन हौदाच्या झाकणावर बसला होता.

"किती वजन असंल गं तिचं?" त्यानं विचारलं.

"दुर्बिणीचं? कित्येक टन."

"अन् ती फिरते कशी? एकदम?"

"छे. पृथ्वी फिरते ना पप्पा, म्हणून तारा सरकताना दिसतो. त्याच्या मागं तिला रात्रभर सरकत राहावं लागतं. इतकं हळू, की बघणाऱ्याला वाटेल जागेवरच आहे."

रामकिसननं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाते केले आणि फिरवून पाहिले. "एवढं हळू फिरवायचं म्हणजे दात्यात जरा जरी ढिलाई असली तरी हिसका बसंल. मग तारा हुकणार."

"तेच तर! ती ढिलाई मोजून प्रोग्रॅममध्ये धरायची. माझं पहिलं काम तेच आहे."

"म्हंजे लोखंडातली चूक तू लिहून दुरुस्त करणार?"

"हो."

"आमच्याकडं असं कुणी असतं तर," रामकिसन म्हणाला आणि मग दोघांची डोकी एकत्र आली. फरशीवर खडूनं चाकं उमटली, दाते उमटले. करुणानं नवऱ्याला असं उकिडवं बसून हात हलवत बोलताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो असाच बसून राहिला आणि वरची टाकी भरून धो-धो वाहायला लागली.

"अरे भाऊ! पाणी! पाणी चाल्लं!" सुरेखा आतून ओरडली, शेजारचे ओरडले, समोरच्या गच्चीवरच्या भागूबाई तर घरात चोर शिरल्यासारख्या ओरडल्या. या शहरात टाकी वाहू देणं म्हणजे भर रस्त्यात नोटा उधळणं. रामकिसननं धडपडत बटण बंद केलं आणि चोरासारखा आत आला. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते करुणानं बरोबर ओळखलं. हे माणूस गेलं तिकडं, तिच्या मनात आलं. अडवणारे राहिले दोन.

बादली घेऊन ती जिन्याशी आली तर तिथं सम्यक उभा होता. त्यानं बादली तिच्या हातातून घेतली, पण वर गेला नाही.

"मम्मी, तुला काय वाटतं? जावं का तिनं?"

करुणाचा हात पदराशीच राहिला. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पण ती तोंड उघडेपर्यंत तोच पुढं बोलत सुटला.

"मला वरच्या मजल्याचं नाही गं. आत्या म्हणते म्हणून सगळ्यांना वाटतं मी त्याच्यासाठी अडून बसलो. मला, खरं सांगू, तिच्यावर जळायला झालं. मी रोज तीच बस, कंपनीचं तेच गेट, तेच पार्ट मापून बघतो. मला कुणी बोलावलं असतं ना दुर्बीण पुसायला, तरी गेलो असतो." तो जरा हसला. "काल अपेक्षाला फोन केला होता. म्हटलं, मजला होईल न होईल. तर मलाच झापलं तिनं. म्हणाली, बहिणीच्या पगारावर बांधलेल्या खोलीत मी नाही येणार, आपण दोघं कमवू तेव्हा बांधू."

"गुणाची हाय पोरगी," करुणा म्हणाली.

"हो ना. आता आत्याला सांगायचं कसं, तेवढं बघ."

आणि तो बादली घेऊन वर गेला. आपण काहीतरी विचारलं होतं हे तो विसरला होता. जिन्यात पाण्याचे थेंब पडत गेले आणि करुणा ते पुसत मागं गेली.

पुन्हा सगळे सतरंज्यांवर बसले तेव्हा अंधारून आलं होतं आणि करुणानं दिवा लावला. सम्यकनं अपेक्षाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सुरेखाचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिच्या घरच्यांना शब्द दिला, तिनंच शब्द परत केला.

"म्हंजे माझी गरजच नाय," ती म्हणाली. "तुमची तुम्ही सोयरीक करा आता."

"सुरेखा, असं कसं," रामकिसन म्हणाला. "तू नसतीस तर ही पोरगी मिळाली असती का?"

"ते हाय म्हणा." ती तेवढ्यावर निम्मी विरघळली. "पण भाऊ, तू काय म्हणतोस? मघापासून नुसता बसलास."

रामकिसननं घसा साफ केला. "पगार कमी हाय, ते मला पटत नाय. पण काम चांगलं हाय. असलं काम लोकांना बघायला मिळत नाय, हिला करायला मिळायलंय. माझं मशीन मी इतकी वर्षं चालवलं, पण ते बनवायला मला कुणी विचारलं नाय. जाऊ दे तिला."

"मग झालं तर," सुरेखा म्हणाली. तिच्यातली मुख्याध्यापिका आता दुसऱ्या बाजूनं कामाला लागली. "पण फोन लागंल तेव्हा आधी घरी करायचा. अन् तिकडून परस्पर कुणाशी लग्न ठरवून यायचं नाय. अन् लोकरीचं सगळं माझ्याकडनं. मी करते यादी."

सगळे हसले. खोलीतलं वातावरण एकदम सैल झालं, पंख्याखाली वाळत घातलेल्या कपड्यासारखं. संध्या उठून उभी राहिली. ठराव सांगणाऱ्यानं उभं राहायचं, हाही आबांचा नियम.

"मी दोन वर्षांसाठी लडाखला कामाला जावं, असा माझा ठराव आहे," ती म्हणाली. "ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, नाही त्यांनी बोलावं."

कुणी बोललं नाही. केसरबाईंनी एक बोट मिटलं.

"दुसऱ्यांदा सांगते. मी दोन वर्षांसाठी लडाखला कामाला जावं."

दुसरं बोट.

"वहिनी, चहा टाका तोवर," सुरेखा हळूच म्हणाली.

भिंतीशी उभी असलेली करुणा सवयीनं वळली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. ओट्यावर चारच्या चहाचे दोन कप उपडे घातलेले होते. एकाचा कान तुटलेला, तो संध्याचा, तिला तोच लागायचा. करुणानं तो कप पाहिला आणि उद्यापासून, म्हणजे उद्यापासून नव्हे पण लवकरच, तो असाच उपडा राहील हे तिला दिसलं. मागं संध्याचा आवाज आला. "तिसऱ्यांदा सांगते."

"माझा इरोध हाय," करुणा म्हणाली.

ती एवढ्या हळू बोलली, की केसरबाईंनाच आधी ऐकू आलं.

"काय म्हणलीस?"

"माझा विरोध हाय." आता ती वळून उभी राहिली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

सगळे तिच्याकडं बघत राहिले. सुरेखाचं तोंड उघडं पडलं. संध्याच्या तोंडावरचा रंग उतरला, कारण पुढची पौर्णिमा आणि उद्याची सकाळ यांच्यात महिना होता.

"मम्मी?" सम्यक म्हणाला.

"कारण द्यावं लागतं," रामकिसन गोंधळून म्हणाला. काही सुचलं नाही की तो नियमाला धरायचा.

"मला करमायचं नाय," करुणा म्हणाली.

मग सम्यक समजावणीच्या सुरात म्हणाला, "मम्मी, अगं, हे काय कारण झालं?"

"का नाय?" हे केसरबाई. "थंडी कारण, पगार कारण, मजला कारण, अन् हे कारण नाय? बोलू दे तिला."

आणि करुणा बोलली. उभ्यानंच बोलली.

"दोन घंटे झाले तुम्ही बोलायलात. पगाराचं झालं, बर्फाचं झालं, दुर्बिणीच्या दात्यांचं झालं, त्यात निम्मी टाकी बी वाहून गेली. मला कुणी इचारलं? सम्यकनं इचारलं जिन्यात, अन् माझं ऐकून न घेता वर गेला. हे लेकरू घरात हाय म्हणून मी दुपारी चहा पिते. नायतर मला चहाची आवड बी नाय. तुमचं सगळ्यांचं काय ना काय बाहेर हाय. माझं एवढंच होतं."

"करुणा, इचारतो की तीनदा," रामकिसन म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं, आणि ते त्याच्या आवाजात होतं. "दर खेपी इचारतो. तू गप्प असतीस."

"मी आत असते," करुणा म्हणाली. "गप्प नसते, आत असते. नर्सिंगचं झालं तवा आत होते. हे घर घेतलं तवा बी आत होते. त्या लेणीतल्या भिक्षूंचा चहा कोण करत होतं, तेवढं भंतेजींनी आबांना सांगितलं नाय."

केसरबाईंनी मान खाली घातली. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी बी आतच असायची गं. तुझ्या आधी मी."

सुरेखा उठली. करुणाच्या शेजारून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं गॅस पेटल्याचा आवाज आला. पातेलं कुठं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून बराच वेळ भांडी वाजत राहिली, पण तिनं विचारलं नाही.

संध्या अजून उभीच होती. डोळे भरले होते, पण रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. "मी कळवते त्यांना," ती म्हणाली. "येत नाही म्हणून. खरंच, मम्मी. मला तुला सोडून... इथलं कामही काही वाईट नाही. पगार आहेच."

करुणानं तिच्याकडं पाहिलं. एवढं सोपं होतं तर. एक वाक्य बोलायचं, आणि पोरगी राहणार. उद्या चारला खाली येणार, ओट्यावर बसणार, तोच तुटका कप घेणार, हिरव्या-केशरी बटणाच्या गोष्टी सांगणार. गेले आठ दिवस ती जे मनातल्या मनात मागत होती ते तिच्या पुढ्यात होतं, फक्त हात पुढं करायचा. पण संध्या 'पगार आहेच' म्हणाली तो सूर करुणाच्या ओळखीचा होता. सम्यक मोठा झाला की जाईन, असं ती स्वतः शेजारणींना सांगायची, तो हाच सूर. समजूतदार, शहाणा, आणि आतून विझलेला. तो आपल्या लेकीच्या तोंडी ऐकून तिला स्वतःचीच चीड आली.

"कुणी सांगितलं तुला कळव म्हणून?" ती म्हणाली.

"तुझा विरोध आहे ना."

"मला करमायचं नाय म्हणलं. तू जाऊ नको म्हणलं नाय. ते खरं हाय, अन् ते या खोलीत सगळ्यांपुढं बोलायचं होतं मला. तू जाशील तवा मी खुशीनं पाठवली असं कुणी सांगत फिरू नये. मला वाईट वाटणार हाय. लई वाटणार हाय. ते माहीत असू दे समद्यांना."

"माहीत झालं," रामकिसन हळूच म्हणाला. त्यानं सरकून आपल्या शेजारी सतरंजीवर जागा केली आणि हातानं झटकली. "इथं बस. आत जाऊ नको."

करुणा बसली. त्या सतरंजीवर, ठरावाच्या वेळी, ती पहिल्यांदाच बसली होती. समोर केसरबाई होत्या, त्यांच्या शेजारी सम्यक, मान खाली घालून. आतून सुरेखाचा आवाज आला, "साखर कशात हाय, ते तरी सांगा कुणीतरी." सम्यक उठून आत गेला आणि तिला दाखवून लगेच परत आला.

"परत म्हण," करुणा संध्याला म्हणाली.

"तीनदा झालं, मम्मी. आबांचा नियम..."

"आबांचा नियम मला बी ठाऊक हाय. चौथ्यांदा म्हण. तवा मी आत होते."

संध्यानं आजीकडं पाहिलं. केसरबाईंनी मिटलेली बोटं सगळी उघडली आणि हात मांडीवर ठेवला. सम्यकनं सुरेखाला हाक मारली आणि ती हातात चमचा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"मी दोन वर्षांसाठी लडाखला कामाला जावं," संध्या म्हणाली. "असा माझा ठराव आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं. नाही त्यांनी बोलावं."

सगळे करुणाकडं बघत होते. कुणाला घाई नव्हती. आत चहा उकळून वर येत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो उतू जाणार हे करुणाला न बघता कळत होतं.

ती उठली नाही. लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून ती बसून राहिली, आणि गप्प राहिली.